पीकपाहणी

माझे वडील तलाठी होते, निमसोड सजाचे.
पीकपाहणी चावडीत बसूनच भरायचे :
गेल्या साली ज्वारी, म्हणून यंदाही ज्वारी.
'बांधावर कोण जातंय उन्हातनं'
असं म्हणत टाकाची शाई
खिडकीबाहेर झटकायचे.

मी शेफिल्डात, तिसऱ्या मजल्यावर,
सातशे शहाऐंशी किलोमीटर उंचीवरून
डर्बीशरच्या पठाराची पाहणी भरते.
दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद,
एवढा एक चौकोन.
त्याहून बारीक मला दिसत नाही,
मेंढी नाही, मेंढीमागचा कुत्रा नाही,
घसरून पडलेला माणूसही नाही.
ढग बाजूला होतात वर्षातून चार-पाच दिवस,
तेवढ्यात जे दिसेल ते खरं.

पंधरा वर्षांपूर्वीचं चित्र : काळंठिक्कर.
मँचेस्टरच्या गिरण्यांनी शंभर वर्षं
धूर पाठवला होता या डोंगरावर,
खालचा ओला, जुना, कुजका ठेवा
उघडा पडून वाऱ्यावर चालला होता.
यंदाचं चित्र : हिरवं.
मी अहवालात लिहिलं,
क्षेत्र पूर्ववत, एक्क्याण्णव टक्के.
पैसे देणाऱ्यांना टक्के आवडतात.

'सहा चौकोन पायांनी बघून ये,' साहेबीण म्हणाली.

एडलच्या स्टेशनवर विल्फ ओलरनशॉ उभा होता,
वय एकाहत्तर, एका गुडघ्याला पट्टा.
गुडघा याच पठारानं खाल्ला, म्हणाला,
तीन हिवाळे रांगत रांगत
शेवाळाचे गड्डे लावले.
शेवाळाचे!
आमच्या मोरीच्या दगडावरचं शेवाळ
आई काथ्यानं खरवडायची,
कुणाचा पाय घसरेल म्हणून.
इथे त्याची रोपवाटिका आहे,
खोक्यांतून, हेलिकॉप्टरनं येतं ते.

चौकोन चारशे सतरा.
माझ्या नकाशावरचा सगळ्यांत गडद हिरवा.
विल्फनं बूट आपटला.
जमीन पोकळ वाजली, कोरडी.
गवत, नुसतं गवत, मांडीपर्यंत,
सगळं पाणी पिऊन माजलेलं,
एका काडीत पेटेल असं.
'हिरवं तर आहे,' मी म्हटलं,
थोडं स्वतःलाच.
'हिरवं बिलियर्डचं टेबलही असतं,' तो म्हणाला
आणि डब्यातलं सँडविच अर्धं माझ्याकडे केलं.

चौकोन तीनशे अठ्ठ्याऐंशी.
नकाशावर लाल. प्रगती नाही, निधी थांबवावा,
असं मीच लिहिलेलं, मार्चमध्ये, चहा पिता पिता.
इथे कुणीतरी घळीला दगडांचा बांध घातलेला,
मागे पाणी साचलेलं, काळं.
वरून काळं पाणी आणि काळी माती
सारखीच दिसते.
'हात घाल,' विल्फ म्हणाला.
बाही वर केली. कोपरापर्यंत गार,
मग बोटांना काहीतरी मऊ लागलं,
मांजराच्या पोटासारखं.
मूठभर उपसलं : फिकट, तांबूस टोकांचं.
पिळलं तर बशीभर पाणी निघालं,
सोडलं तर पुन्हा फुगलं.
विल्फ बघत नव्हता. पट्टा सारखा करत होता.
'हे माझं नाही,' म्हणाला,
'इथवर मी पोचलोच नव्हतो.
आपलं आपण आलंय.'

परतीच्या गाडीत माझ्या बुटांचा वास येत होता,
समोरच्या बाईंनी जागा बदलली.

बाबा एकदाच गेले होते बांधावर, गारपिटीच्या साली.
चिखलानं भरून आले, जेवले नाहीत,
कंदिलाशी बसून रात्रभर लिहिलं.
त्या वहीतलं ते एक पान खाडाखोडीचं,
बाकी सगळं अक्षर मोत्यासारखं.
मोत्यांची पानं मला आता आठवत नाहीत.

सोमवारी टक्क्यांचा रकाना रिकामा ठेवला.
साहेबिणीनं विचारलं, मग काय कळवायचं त्यांना?
सहापैकी दोन उलटे निघाले, मी म्हटलं,
उरलेले नऊ हजार अजून बघायचेत.
ती हसली नाही.

तीनशे अठ्ठ्याऐंशीसमोर
एक रकाना मी स्वतःच आखून घेतला, शेऱ्याचा.
त्यात लिहिलं :
पाणी आहे. हात घालून पाहिलं.